विजयानंतरची पलटण

मराठी साहित्याला पराभवाची भाषा फार चांगली अवगत आहे. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार आपण रोजच्या बोलण्यात वापरतो आणि त्या एका शब्दामागे १७६१ सालचा सगळा शोक उभा राहतो. कादंबऱ्या, नाटके, पोवाडे, शोकगीते यांनी हरलेल्या माणसाला पुष्कळ जागा दिली आहे. जिंकलेल्या माणसाचे मात्र आपण स्वागत करतो, त्याच्यावर गुलाल उधळतो आणि त्याची गोष्ट तिथेच संपवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाल धुतल्यानंतर त्या माणसाचे आणि त्याच्या सोबत्यांचे काय होते, हा प्रश्न आपल्या लेखनात क्वचितच येतो. खरे तर पराभवानंतर करायचे काय, हे ठरलेलेच असते. चुका शोधायच्या आणि त्या दुरुस्त करायच्या. विजयानंतर काय दुरुस्त करायचे हे कोणालाच सांगता येत नाही, कारण वरवर पाहता काही बिघडलेलेच नसते.

हा प्रश्न आमच्यापुढे नव्याने आला तो कबड्डीमुळे. साहित्याच्या पानावर कबड्डी कशाला, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. किल्लारीसारख्या गावात राहून मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना ती शंका येत नाही. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांच्या गुडघ्यांवर यात्रेतल्या सामन्यांच्या खुणा असतात, आणि कवितेचा तास बुडवून 'ट्रायल'ला गेलेल्या विद्यार्थ्याला रागवावे की शाबासकी द्यावी, याचा निर्णय आम्हांला दर वर्षी करावा लागतो. शिवाय कबड्डीच्या लिलावात 'कायम राखणे' आणि 'मुक्त करणे' असे जे दोन शब्द वापरले जातात, ते भाषेच्या माणसाने दुर्लक्षावेत असे नाहीत.

आधी घटना पाहू. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला पाटणा पायरेट्सने १२ लाख ८० हजार रुपये दिले होते. दहा वर्षे पूर्ण होण्याच्या आत, २०२३ च्या लिलावात, पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलुई याला २ कोटी ३५ लाखांना घेतले. संघाला एकूण खर्चाची मर्यादा ५ कोटींची असते. म्हणजे जवळजवळ अर्धी थैली एका माणसावर रिकामी झाली. त्या हंगामात शादलुईने पकडींचे सर्वाधिक गुण मिळवले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद पटकावले. कर्णधार होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, प्रशिक्षक बी. सी. रमेश.

यानंतर पुण्याने जे केले ते अनेकांना अनाकलनीय वाटले. ऑगस्ट २०२४ च्या लिलावापूर्वी त्यांनी शादलुईला मुक्त केले. ज्या हरियाणाला अंतिम सामन्यात हरवले होते, त्याच हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याच्याच बालेवाडीत अंतिम सामना झाला; हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळवले आणि शादलुई हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. गतविजेता पुणेरी पलटण पहिल्या सहांतही आला नाही.

'घरचा हिरा दुसऱ्याच्या मुकुटात बसवला' अशा शब्दांत तेव्हा पुण्याची हेटाळणी झाली. आमचे मत वेगळे आहे. तो निर्णय बरोबर होता असे आम्हांला वाटते, आणि तो बरोबर का होता हे समजून घेण्यासाठी जिंकलेला संघ नेमका कोणत्या भुलाव्यात सापडतो, हे पाहणे आवश्यक आहे.

पहिला भुलावा श्रेयाचा. विजय अनेकांच्या हातून घडतो, पण त्याची आठवण एका चेहऱ्याच्या रूपाने राहते. २०२४ च्या त्या अंतिम सामन्यात पुण्याकडे तोल झुकवणारी चढाई होती पंकज मोहितेची. एकाच चढाईत त्याने चार गडी बाद केले. पंकज पुण्याकडे २०१९ पासून, नवोदित म्हणून आलेला. अस्लम, मोहित गोयत, उजवा मध्यरक्षक अबिनेश नादराजन हेही लिलावात कोट्यवधींना घेतलेले खेळाडू नव्हते. ते या संघातच वाढले. दोन-तीन हंगाम हरत, शिकत, एकमेकांच्या खोड्या ओळखत ते विजयापर्यंत आले होते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये याच संघाने अंतिम फेरी गाठली होती आणि जयपूर पिंक पँथर्सकडून २९-३३ अशी हार पत्करली होती. त्या वेळी संघात सर्वांत महागडा होता फजल अत्राचली, १ कोटी ३८ लाखांचा. पुण्याने त्यालाही पुढच्या वर्षी मुक्त केले होते. म्हणजे महागडा माणूस एका हंगामापुरता आणायचा आणि आतला गाभा सांभाळायचा, ही पुण्याची रीत विजयाच्या आधीपासूनची होती. विजयाच्या धुंदीत त्यांनी ती बदलली नाही, एवढेच.

दुसरा भुलावा कृतज्ञतेचा. ज्याने जिंकून दिले त्याला सोडायचे कसे? हा प्रश्न माणुसकीचा आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. कृतज्ञता झालेल्या कामाबद्दल असते. करार पुढे व्हायच्या कामाचा असतो. या दोहोंची गल्लत झाली की संघ भूतकाळाचे वेतन भविष्यातून देऊ लागतो. पाच कोटींच्या थैलीतून दोन-सव्वादोन कोटी एकाला दिल्यावर, कालपर्यंत नवोदित म्हणून थोडक्यात खेळणारी जी चार पोरे आता नावारूपाला आली आहेत, त्यांना काय द्यायचे? विजयाचा पहिला परिणाम हाच असतो की संघातल्या प्रत्येकाची किंमत वाढते. थैली मात्र तेवढीच राहते. एकाला ठेवण्याचा अर्थ तिघांना सोडणे असा होतो, आणि ते तिघे सहसा तेच असतात ज्यांची नावे मथळ्यांत आलेली नसतात.

तिसरा भुलावा 'जसेच्या तसे' राखण्याचा. जिंकलेला संघ मोडू नये, असे म्हणणाऱ्याला वाटते की काल जिंकला तोच संघ उद्या मैदानात उतरेल. तो उतरत नाही. वर्षभरात गुडघे झिजतात, प्रतिस्पर्धी चित्रफिती पाहून डावपेच ओळखतात, आणि भुकेचा प्रकार बदलतो. जुने सत्त्व राखायचे तर नवे रक्त घ्यावेच लागते. आपल्या परंपरेत याची खूण आहेच. भजनाला उभे राहिलेले वारकरी दर वर्षी तेच नसतात, पण दिंडी तीच असते.

कबड्डी हा खेळ या विचाराला विशेष अनुकूल आहे, कारण त्यात 'साखळी' नावाची एक दृश्य गोष्ट आहे. चढाईपटू अंगावर येतो तेव्हा बचाव करणारे एकमेकांचे हात धरून अर्धवर्तुळ करतात. कोपऱ्यातल्याने घोटा धरायचा आणि त्याच क्षणी शेजारच्या मध्यरक्षकाने अंगावर झेप घ्यायची. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर पहिला बाद होतो आणि दुसरा नुसताच उभा राहतो. हा अर्धा सेकंद लिलावात विकत मिळत नाही. तो सरावाने, सहवासाने, शेजारच्याच्या हाताचा दाब ओळखीचा झाल्याने येतो. म्हणून संघाचे खरे मोल सात जणांच्या किमतींच्या बेरजेत सापडत नाही. ते त्यांच्या हातांच्या सहा जोडांमध्ये असते. विजयानंतर निर्णय घेणाऱ्याने विचारायचा प्रश्न असा आहे: कोणता जोड तुटला तर साखळी तुटेल?

याच कसोटीवर दुसरे उदाहरण तपासू. २०१५ च्या ऑगस्टमध्ये यू मुंबाने बंगळुरू बुल्सला ३६-३० असे नमवून दुसऱ्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. अनुप कुमारच्या नेतृत्वाखालचा तो संघ पुढच्या हंगामातही अंतिम फेरीत होता. पाटण्याकडून ३१-२८ असा हरला. मग २०१६ चा लिलाव आला. मुंबईच्या बचावफळीतला मोहित छिल्लर ५३ लाखांना, त्या लिलावातल्या सर्वोच्च किमतीला, बंगळुरूकडे गेला. चौथ्या हंगामात यू मुंबा उपान्त्य फेरीतही पोहोचला नाही. येथे विख्यात चेहरा, म्हणजे कर्णधार, संघातच राहिला होता. गेला तो साखळीचा जोड. मुंबईचे नाव, झेंडा, कर्णधार सगळे जागच्या जागी होते आणि संघ मात्र तो राहिला नव्हता.

उलट पाटण्याने लागोपाठ तीन विजेतेपदे मिळवून देणारा परदीप नरवाल २०२१ मध्ये सोडून दिला. यूपी योद्धाने त्याला १ कोटी ६५ लाखांना नेले. पाटणा संपला असे सर्वांनी धरले असता तोच संघ त्या हंगामाच्या अंतिम फेरीत दिसला आणि दबंग दिल्लीकडून अवघ्या एका गुणाने, ३६-३७ असा, हरला. आणि ज्या पवन सेहरावतसाठी विक्रमी किंमत मोजली गेली, त्याच्या तेलुगू टायटन्सचा त्या हंगामातला क्रमांक शेवटचा होता. पवन कमी पडला असे कोणी म्हणणार नाही. पण एका उत्तम कवितेने अंक उत्तम होत नाही, हे संपादनाचे काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते.

बाहेरच्या जगातही हेच दिसते. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये २०१६ साली लेस्टर सिटीने अशक्यप्राय विजेतेपद मिळवले. त्यांनी बहुतेक संघ राखला. चेल्सीकडे गेलेल्यांत महत्त्वाचा एकच, मध्यफळीतला एन्गोलो कान्ते. पुढच्या वर्षी चेल्सी विजेता झाला, कान्तेला लागोपाठ दोन वर्षे दोन वेगवेगळ्या संघांतर्फे विजेतेपद मिळाले, आणि लेस्टरला बाराव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. ज्या प्रशिक्षकाने जिंकून दिले त्या रानिएरीला हंगामाच्या मध्यावरच जावे लागले. शादलुईची कथा बाह्यतः हुबेहूब अशीच आहे. म्हणून पुण्याच्या टीकाकारांना हे उदाहरण आपल्या बाजूचे वाटेल. परंतु फरक ध्यानात घ्यावा. कान्ते संपूर्ण मैदान शिवणारा, दोन फळ्यांना सांधणारा खेळाडू होता. तो लेस्टरच्या साखळीचा जोडच होता. त्याच्या जागी उभा राहील असा कोणी लेस्टरने घडवलेला नव्हता.

अमेरिकी फुटबॉलमधला एक दाखला याहून बोलका आहे. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने २००३ च्या हंगामाच्या तोंडावर आपला नावाजलेला बचावपटू लॉयर मिलॉय याला वेतनाच्या वादातून मोकळे केले. तो बफेलोच्या संघात गेला आणि पहिल्याच सामन्यात बफेलोने न्यू इंग्लंडला ३१-० असे धुऊन काढले. त्या संध्याकाळी तो निर्णय किती मूर्खपणाचा वाटला असेल याची कल्पना करता येते. हंगामाच्या अखेरच्या साखळी सामन्यात न्यू इंग्लंडने बफेलोला तंतोतंत त्याच गुणांनी, ३१-० असे हरवले आणि पुढे सुपर बोलही जिंकला. पहिल्या सामन्यावरून निर्णयाची परीक्षा करू नये, एवढेच यातून घ्यायचे.

मग पुण्याची परीक्षा कशावरून करायची? २०२४ च्या हंगामात कर्णधार अस्लम जायबंदी होऊन बाहेर बसला, हे टीकाकार विसरतात. शादलुई असता तर काय झाले असते हे कोणीच सांगू शकत नाही. पण गाभ्यातला गाभा निखळल्यावर कोपऱ्यातला एक माणूस किती पुरा पडला असता, हा प्रश्न विचारता येतो. २०२५ च्या हंगामात अस्लम परतला, प्रशिक्षक बदलून अजय ठाकूर आला, आणि पुणेरी पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. चार हंगामांत तीनदा अंतिम फेरी, तीही दर वेळी वेगळा महागडा खेळाडू असताना किंवा नसताना. दिल्लीत झालेल्या त्या सामन्यात दबंग दिल्लीने त्यांना ३१-२८ असे हरवले, आणि दिल्लीच्या बचावफळीत उभा होता तोच फजल अत्राचली, ज्याला पुण्याने २०२३ मध्ये सोडले होते. खेळाने आपला उपरोध राखला आहे. पुण्याचा निर्णय निर्दोष होता असे म्हणण्याची सोय त्याने आम्हांलाही ठेवलेली नाही. इकडे हरियाणानेही जिंकल्यावर शादलुईला सोडले; २०२५ मध्ये तो २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला. म्हणजे ज्यांनी पुण्याला हसून घेतले, त्यांच्या आवडत्या विजेत्यांनीही अखेर पुण्याचाच कित्ता गिरवला.

साहित्याच्या वाचकांना हे सगळे परके वाटू नये म्हणून संगीत रंगभूमीकडे वळू. आपल्या नाटक मंडळ्यांचा इतिहास हा विजयानंतर संघ सांभाळण्याचा आणि न सांभाळता येण्याचा इतिहास आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीने १९०१ साली भाऊराव कोल्हटकर गमावले आणि १९०५ साली बालगंधर्वांना आणले. १९११ मध्ये खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले. मंडळीचा तो परमोच्च विजय होता. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. नायिका, संगीतकार आणि कसलेला नट एकाच वेळी गेले. साखळीचे तीन जोड एकदम निखळले. किर्लोस्कर मंडळीने पुन्हा एक कोवळा मुलगा घडवला, तो दीनानाथ मंगेशकर. आणि १९१८ मध्ये तोही चिंतामणराव कोल्हटकर प्रभृतींबरोबर बाहेर पडून बळवंत संगीत मंडळीचा झाला. घडवण्याची विद्या त्या मंडळीकडे शेवटपर्यंत होती. घडलेल्याला त्याची वाढलेली किंमत वेळेवर मान्य करण्याची विद्या नव्हती, असे आमचे अनुमान आहे. गंधर्व मंडळीने उलट टोक गाठले. वैभवात कसलीही काटछाट करायची नाही, या औदार्याने तिला कर्जाच्या खाईत नेले. सोडता न येणे आणि धरता न येणे, दोन्ही दोषांची उदाहरणे एकाच परंपरेत आपल्यासमोर आहेत. कबड्डीच्या लिलावाला नाके मुरडण्यापूर्वी आपण ती आठवावीत.

आता त्या दोन शब्दांकडे येऊ. 'मुक्त' हा आपल्या भाषेतला केवढा मोठा शब्द! संतांनी त्यासाठी जन्म वेचले. लिलावाच्या परिभाषेत मात्र 'मुक्त केलेला खेळाडू' म्हणजे ज्याला काल घर होते आणि आज नाही तो. शादलुईच्या बाबतीत हे मुक्त होणे सुखाचे होते. त्याच्यासाठी दुसऱ्या दारात तोरण बांधलेलेच होते. पण प्रत्येक संघाच्या बाकावर काही मुले अशी असतात की जी सबंध हंगामात चार-दोन वेळा मैदानात उतरतात, विजयाच्या छायाचित्रात मागच्या रांगेत उभी असतात, आणि पुढच्या लिलावात त्यांचे नाव पुकारल्यावर सभागृहात कोणीच हात वर करत नाही. 'अनसोल्ड' हा शब्द त्यांच्यासाठी आहे. त्याला मराठी प्रतिशब्द अद्याप रुळलेला नाही, आणि रुळू नये असेच वाटते.

मराठवाड्यातल्या माणसाला हा व्यवहार नवा नाही. आमच्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला संपते. पाडव्याच्या दिवशी तो मुक्त असतो. जुना मालक किती वाढवतो, दुसरा किती उचल देतो, याची बोलणी ओट्यावर होतात. सुगी चांगली झाली असेल तर गड्याची अपेक्षा वाढलेली असते आणि मालकाला ती सुगी पावसाने दिली असे वाटत असते. हा वाद जितका जुना आहे तितकाच लिलावाच्या सभागृहातला वाद नवा आहे, मूळ एकच. फरक हा की सालगड्याशी बोलणी करणारा मालक त्याच्या डोळ्यांसमोर बसलेला असतो आणि उद्या त्याच गावात त्याला तोंड दाखवायचे असते. त्यामुळे व्यवहार कितीही रोकडा असला तरी त्याला लोकलाजेची एक कड असते.

आणि शेजाराचे मोल काय, हे किल्लारीने एका वेगळ्या आणि दारुण रीतीने जाणले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे जमिनीच्या मालकीच्या प्रमाणात लहान-मोठी ठरली, आखीव रस्ते झाले, भूकंपाला टिकतील अशा भिंती आल्या. त्यात चूक काढण्याचा आमचा हेतू नाही. जीव वाचवणारे ते काम होते. पण जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागून राहिलेली माणसे नव्या आराखड्यात चार रस्ते दूर गेली, आणि 'घर मिळाले, शेजार गेला' हा भाव इथल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आजही येतो. खेळाची आणि त्या आघाताची तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एवढेच म्हणू, की माणसांची यादी तीच ठेवून त्यांच्यामधले जोड हलवले तर काय होते, हे आम्हांला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

हा प्रश्न आमच्या व्यवसायालाही थेट भिडतो. महाराष्ट्रातली अनेक महाविद्यालये आज तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या खांद्यावर उभी आहेत. नेट-सेट झालेली, कित्येकदा पीएच.डी. मिळवलेली ही माणसे दर वर्षी नव्याने नेमली जातात आणि सत्र संपले की मुक्त होतात. महाविद्यालयाला नॅकची वरची श्रेणी मिळते तेव्हा तिच्यात त्यांच्या तासांचा, त्यांनी रात्री जागून भरलेल्या तक्त्यांचा वाटा असतो. सत्कार होतो, फलक लागतो. आणि जूनमध्ये त्यातलाच कोणी पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभा असतो. कबड्डीच्या खेळाडूला निदान पायाभूत किंमत असते, कराराची मुदत लिहिलेली असते, आणि त्याच्यासाठी बोली लावणारा दुसरा संघ असतो. येथे बोली लावणारा दुसरा नसतोच. विजयानंतर संघ कसा सांभाळावा हे ज्यांनी कोट्यवधींच्या बाजारात शिकून घेतले, त्यांच्याकडून विद्येच्या संस्थांनी थोडे शिकायला हरकत नाही, असे आम्ही उपरोधाने म्हणत नाही.

काय शिकावे? आमच्या मते तीन गोष्टी. एक, गाभा कोण हे विजयाच्या आधीच ठरवावे. गुलालात डोळे मिटलेले असताना ते ठरवू नये. पुण्याने ते २०१९ पासून ठरवत आणले होते, म्हणून २०२४ मध्ये त्यांना हात थरथरू न देता निर्णय करता आला. दोन, वाढलेल्याची वाढ वेळेवर मान्य करावी. किर्लोस्कर मंडळीचा धडा तोच आहे. घडवलेला माणूस बाहेर पडतो तो बहुधा पैशासाठी पडत नाही, आपण अजून 'पोरगा'च समजले जातो या जाणिवेने पडतो. तीन, ज्याला सोडायचे त्याला लवकर, स्पष्ट आणि तोंडावर सांगावे, आणि ज्याच्यासाठी दुसरे दार नाही त्याच्यासाठी काही तजवीज असावी. पूर्वी रेल्वे, पोलीस, बँका, मोठ्या कंपन्या कबड्डीपटूंना नोकऱ्या देत. त्या व्यवस्थेत कोणी कोट्यधीश झाला नाही, पण गुडघा गेल्यावरही महिन्याचा पगार चालू राही. नव्या बाजाराने वरच्या दहांना जे दिले ते जुन्या व्यवस्थेला कधीच देता आले नसते; आणि खालच्या शंभरांकडून त्याने जे काढून घेतले त्याचा हिशोब अजून कोणी मांडलेला नाही.

कोणी म्हणेल की हे सगळे क्रीडाव्यवस्थापन झाले, यात साहित्य कुठे आले? आमचे उत्तर असे की मराठी कादंबरीला हा विषय अजून मिळालेला नाही, आणि मिळावा. पराभूत सेनापतीवर आपल्याकडे पुरेसे लिहिले गेले आहे. विजेत्या संघाच्या बाकावरचा अकरावा खेळाडू, ज्याचे नाव पुढच्या लिलावात पुकारले जाते आणि क्षणभर शांतता पसरते, त्या शांततेवर मराठीत कोणी लिहिलेले आमच्या वाचनात नाही. आमच्या वर्गात बसणाऱ्यांपैकी एखादा उद्या तिथे बसलेला असेल. त्याने चढाई शिकलेली असेलच. त्या शांततेनंतर जगायचे कसे, हे त्याला शिकवण्याची जबाबदारी काही अंशी आमच्यावर आहे, आणि काही अंशी त्या प्रत्येक संघावर, ज्याच्या विजयाच्या छायाचित्रात तो मागच्या रांगेत उभा राहिला.